अख्खा मसूर आणि भाज्यांचा व्हीगन स्ट्यू: पाणचट का होतो, गोळा का होतो

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगी व्हीगन झाली आहे, म्हणजे दूध, तूप, दही, ताक, मध यांतलं काहीच नको. रात्री आमटी, भाजी, कोशिंबीर असं वेगवेगळं न करता एका भांड्यातल्या डाळ-भाज्यांच्या स्ट्यूने सगळ्यांचं पोट भरावं, अशी तुमची इच्छा आहे. परदेशी कृती वाचून तुम्ही मसूर डाळ, बटाटा, गाजर, भोपळा, फरसबी, पालक, टोमॅटो एकत्र कुकरला लावून चार शिट्ट्या केल्या. पहिल्यांदा वर पाणी आणि तळाशी गाळ. दुसऱ्यांदा पाणी कमी घातलंत तर खिचडीसारखा गोळा. दोन्ही वेळा चव फिकी. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘तुपाशिवाय हे असंच लागणार का?’

नाही. पण पाणी कमी-जास्त करून हे सुटणार नाही, कारण गडबड पाण्यात नाही. सोललेली मसूर डाळ उघड्या पातेल्यातसुद्धा १५ मिनिटांत विरघळायला लागते. बटाट्याच्या फोडीला जवळपास तेवढाच वेळ लागतो, फरसबीला त्याहून कमी, पालकाला जेमतेम दोन मिनिटं. या सगळ्यांना कुकरमध्ये एकच शिक्षा दिली की डाळीचं पीठ होतं, भोपळा त्यात मिसळून जातो आणि बटाटा नावापुरता उरतो. मग पाणी जास्त असेल तर ती पातळ आमटी, कमी असेल तर गोळा. मधली अवस्था त्या पद्धतीत मिळतच नाही.

आधी डाळ बदला. परदेशी कृतींत जो हिरवा किंवा तपकिरी मसूर लिहिलेला असतो, त्याच्या सगळ्यात जवळचा म्हणजे आपला अख्खा मसूर, सालासकट, कोणत्याही वाण्याकडे मिळणारा. केशरी मसूर डाळ हे तेच धान्य, साल काढून दुभागलेलं. दाण्याचा आकार धरून ठेवतं ते साल, आणि तेच काढलेलं असल्यामुळे तुमची डाळ टिकली नाही. माझ्या मते स्ट्यूमध्ये दोन्ही हवेत, पण दोघांना कामं वेगळी द्यायची. अख्खा मसूर दाताखाली यायला, आणि थोडी मसूर डाळ विरघळून रस बांधायला. प्रमाण चारास एक. चार जणांच्या भरपेट जेवणाला २०० ग्रॅम अख्खा मसूर आणि ५० ग्रॅम मसूर डाळ पुरते.

अख्खा मसूर दोन-तीन तास भिजवा, आणि भिजवताना लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घाला. ‘मीठ घातलं की डाळ शिजत नाही’ हे घरोघरी ऐकायला मिळतं, पण ते खरं नाही. सालातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या डिंकासारख्या घटकाला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, म्हणून साल मऊ होतं आणि शिजताना कमी फुटतं. डाळ शिजू देत नाही ती आंबट वस्तू. टोमॅटो, चिंच, कोकम, लिंबू यांतलं काहीही डाळ मऊ व्हायच्या आधी पडलं की दाणा बराच वेळ कडक राहतो. सोललेल्या डाळीला याचा फारसा फरक पडत नाही, अख्ख्या मसुराला पडतो. म्हणून तो वेगळा शिजवायचा आणि टोमॅटोत नंतर घालायचा.

इथे काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. मुंबईत महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचं येतं, त्यात क्षार कमी, डाळ छान शिजते. पण तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर तीच डाळ, तोच कुकर असूनही दाणा टणक राहू शकतो. अशा घरात डाळ भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी वापरा. सोडा घालायचा मोह टाळा. चिमूटभराने डाळ लवकर मऊ होते खरी, पण साल सुटून लगदा होतो, जिभेवर साबणासारखी चव राहते आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. दुसरी बाब मसुराच्या वयाची. डब्यात वर्षभर पडून राहिलेला मसूर कितीही शिजवला तरी मधे टिंब ठेवतो. त्याला उपाय नाही, तो दळून धिरड्यांना वापरावा.

भिजलेला मसूर निथळून, धुतलेल्या मसूर डाळीसकट पाच लिटरच्या कुकरमध्ये घ्या. ८०० मिली पाणी, पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ, एक तमालपत्र आणि एक चमचा तेल. तेल फेस दाबायला. डाळीचा फेस वर येऊन शिट्टीच्या भोकात अडकतो. त्याच कारणाने डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाच मिनिटं ठेवा, बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजलेली बरी, कारण मोठ्या आचेवर चार शिट्ट्या सहा मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर पंधरा मिनिटांतही होत नाहीत. न भिजवलेल्या मसुराला पाचऐवजी नऊ-दहा मिनिटं द्या. उघड्या पातेल्यात भिजलेला मसूर २० ते २५ मिनिटं घेतो, आणि वेळ असेल तर मी तीच पद्धत सुचवेन, कारण मधे दाणा काढून बघता येतो. दाणा बोटांत चिरडला की लोण्यासारखा पसरायला हवा, आत पांढरं टिंब नको, आणि बहुतेक दाण्यांची सालं जागेवर हवीत. कुकरचं पाणी ओतून देऊ नका, त्यात विरघळलेली डाळ आहे.

कुकर थंड होईपर्यंत दुसऱ्या गॅसवर मसाला. रुंद, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी कढईत टोमॅटो इतका वेळ शिजला की रस काळपट होतो आणि धातूची चव लागते.

चार मोठे चमचे शेंगदाणा तेल तापवून आधी २५० ग्रॅम लाल भोपळ्याच्या इंचभराहून थोड्या मोठ्या फोडी आणि एका मध्यम वांग्याच्या तेवढ्याच फोडी टाका. चार-पाच मिनिटं, फार न हलवता, कडा तपकिरी होईपर्यंत. मग बाहेर काढून ठेवा. ही पायरी लोक गाळतात, आणि फिक्या चवीचं अर्धं कारण तिथे असतं. नुसत्या उकडलेल्या भोपळ्याला गोडसर पाण्याची चव येते, कडा भाजल्या की खमंगपणा येतो. शिवाय तेलाचा पातळ थर बसल्यामुळे फोडी नंतर लवकर विरघळत नाहीत. वांगं तेल पिऊन टाकतं, घाबरू नका, नंतर रसात सोडतं.

त्याच तेलात एक चमचा जिरं, पाव चमचा हिंग, मग २५० ग्रॅम बारीक चिरलेला कांदा आणि अर्धा चमचा मीठ. मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं. गुलाबी झाला की थांबू नका, बदामी होऊ द्या. तळाला चिकटायला लागला की चमचाभर पाणी टाकून खरवडा; ते तपकिरी खरवडलेलं म्हणजेच पुढची चव. त्यावर १२ लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं ठेचून, मूठभर कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून, मिनिटभर परता. परदेशी कृतीतली सेलरी मिळाली नाही म्हणून अडायचं कारण नाही. तिचं काम तळाला एक हिरवा सुगंध देण्याचं असतं, ते कोथिंबिरीचे देठ करतात.

आता मसाला, आणि इथे एकच वाट धरा. घरगुती चव हवी तर दीड चमचा गोडा मसाला, दोन चमचे धनेपूड, एक चमचा लाल तिखट. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलामुळे रसाला जी खोली येते, ती विकतच्या कुठल्याही सूपच्या वडीतून येत नाही. परदेशी वळणाची चव हवी तर पाव चमचा ओवा हातावर चोळून आणि एक चमचा भरड मिरी. परदेशी स्ट्यूत थाइम नावाची सुगंधी पानं घालतात. त्यांचा सुगंध ज्या थायमॉल या द्रव्यामुळे असतो तेच ओव्यात भरपूर असतं, म्हणून पाव चमच्याच्या पुढे जाऊ नका, नाहीतर पोटदुखीचा काढा होईल. दोन्ही वाटा एकत्र केल्या तर कुठलीच चव धड राहत नाही.

मसाला अर्धा मिनिट परतून ३०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो बारीक चिरून घाला आणि कडेला तेल सुटेपर्यंत, म्हणजे आठ-दहा मिनिटं, शिजवा. टोमॅटोचं पाणी इथे पूर्ण आटवलं नाही तर ते शेवटी रसात उतरतं, आणि वर तरंगणारं जे पाणी तुम्हाला दिसलं त्यात याचाही वाटा असणार.

पुढे भाज्यांचा क्रम. आधी २०० ग्रॅम बटाटा आणि १५० ग्रॅम गाजर, दोन सेंटिमीटरच्या फोडी, आणि ४०० मिली गरम पाणी. झाकण ठेवून बारीक आचेवर १० मिनिटं. टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटाटा नेहमीपेक्षा उशिरा शिजतो. ते सोयीचंच आहे, कडा शाबूत राहतात. मग शिजलेला मसूर त्याच्या पाण्यासकट आणि १०० ग्रॅम फरसबी, आता झाकण काढून, आठ मिनिटं. झाकलं की वाफेबरोबर निघून जाणारी आम्लं आतच राहतात आणि हिरवा रंग काळवंडतो. त्यानंतर परतून ठेवलेला भोपळा आणि वांगं, पाच-सहा मिनिटं. गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी निवडून, धुऊन, जाडसर चिरलेला पालक, साधारण १०० ग्रॅम.

भाज्या बदलायला हरकत नाही, त्यांचा वर्ग बघून बदला. सुरण, नवलकोल, रताळं बटाट्याच्या वेळी. शेवग्याच्या शेंगा, फ्लॉवर, तोंडली फरसबीच्या वेळी. मटार ताजे असतील तर भोपळ्याबरोबर. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची आणि किडकी येते, तेव्हा पालक सोडा आणि दुधी किंवा पडवळ घ्या, पण त्यांना पाणी सुटतं म्हणून सुरुवातीच्या ४०० मिलीतून १०० मिली कमी करा. भेंडी घालू नका. कोबी चालतो, पण मला त्याचा उग्र वास या रसात आवडत नाही.

आता दाटपणा. तुमच्या भांड्यातून मसूर आणि बटाट्याच्या फोडी येतील असे दोन डाव बाहेर काढा, पळीच्या पाठीने किंवा रवीने घोटा आणि परत घाला. पाच मिनिटं उकळू द्या. मिक्सर वापरू नका, बटाट्यातला स्टार्च फाटून रस खळीसारखा ओढला जातो. मुंबईच्या पारशी घरांत रविवारी होणारं धनसाक बघा: तूर, मसूर अशा डाळींत भोपळा, वांगं, मेथी शिजवून सगळंच घोटतात, आणि त्याला दाट करायला वेगळं काही लागत नाही. आपण तीच युक्ती फक्त पाचव्या हिश्श्याला लावतो, म्हणजे रस बांधला जातो आणि फोडीही उरतात. कॉर्नफ्लोअरची गरज नाही. त्याने चकाकी येते आणि चव बोथट होते.

दाट झालं की नाही ते बघायला पळी तळाला टेकवून सरळ ओढा. रेघ हळूहळू भरून आली तर बरोबर, लगेच भरली तर अजून आटवा. मात्र ताटात जसं हवं त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच थांबा, कारण १५ मिनिटांत तो आणखी घट्ट होतो.

आणि तूप. तूप तीन कामं करतं: मसाल्याचा सुगंध रसात पसरवणं, जिभेवर स्निग्धपणा ठेवणं, आणि स्वतःची खमंग चव देणं. पहिलं काम वरचे चार चमचे तेल करतं, म्हणून त्यात कंजुषी नको. दोन चमचे तेलात केलेला व्हीगन स्ट्यू आजाऱ्याच्या पथ्यासारखा लागतो. दुसऱ्या कामाला तीन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट अर्धी वाटी पाण्यात अगदी गुळगुळीत वाटून, घोटलेल्या मसुराबरोबरच घाला. भोगीच्या भाजीला तीळ आणि दाण्याचं कूट जे करतं तेच इथे होतं. ओवा-मिरीची वाट धरली असेल तर कुटाऐवजी १५० मिली घट्ट नारळाचं दूध जास्त शोभतं, पण ते अगदी शेवटी घालून फक्त गरम करा, खळखळून उकळलं तर फाटतं. दोन्ही एकदम नको. तिसऱ्या कामाला शेवटची फोडणी: एक मोठा चमचा तेल, सहा लसूण पाकळ्यांचे काप सोनेरी होईपर्यंत, गॅस बंद, मग अर्धा चमचा काश्मिरी तिखट, आणि लगेच स्ट्यूवर. तिखट चालू गॅसवर टाकलं तर जळून कडू होतं. महागडं व्हीगन बटर आणायची काही गरज नाही.

एवढं करूनही फिकं वाटलं तर मसाला वाढवायच्या आधी मीठ बघा. या मापाने सुमारे दोन किलो स्ट्यू होतो आणि त्याला सगळं मिळून जवळपास तीन चहाचे चमचे बारीक मीठ लागतं. भिजवणीचं मीठ पाण्याबरोबर गेलं, एक चमचा कुकरमध्ये आणि कांद्यात पडला आहे, म्हणजे अजून दोन उरले. एक आता, उरलेला चाखत चाखत. मग आंबट: गोड्या मसाल्याच्या वाटेला तीन-चार कोकमं, दुसऱ्या वाटेला अर्धं लिंबू, गॅस बंद केल्यावर. शेवटचं आंबट पडलं की आधी बसलेली चव उठते. त्यानंतरही काही कमी वाटलं तर एक चमचा सोया सॉस घालून बघा. तूप-लोण्याशिवायच्या रसात तो कमी पडलेली भरीव चव आणतो. त्यात मीठ असतं हे लक्षात ठेवा.

तळाला लागणं हा या पदार्थाचा नेहमीचा घात. विरघळलेली डाळ तळाशी बसते आणि टोमॅटोतली साखर तिला जाळते. मसूर घातल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळा. तरीही वास आलाच तर खरवडू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळ तसाच सोडा.

व्हीगन म्हणून बाजारात एक फसगत होते. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो. दूध, लोणी, दुधाची पूड असलेल्या पदार्थांवरही तोच असतो. व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह असतं. सूपची पाकिटं आणि तयार मसाल्यांची मिश्रणं यांच्या मागचे घटक वाचाच. ब्रुन पाव या स्ट्यूबरोबर उत्तम लागतो, पण काही बेकऱ्या पावाला दूध किंवा लोणी लावतात, तेव्हा विचारून घ्या. ज्वारीची भाकरी असेल तर विचारायचा प्रश्नच येत नाही.

पोटभरीचं म्हणाल तर २५० ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे ६० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे माणशी १५, आणि शेंगदाणे-भाकरीची भर वेगळी. लिंबातलं सी जीवनसत्त्व डाळीतलं लोह शोषायला मदत करतं. पण बी-१२ यातून अजिबात मिळत नाही, किती भाज्या घातल्या तरी. मुलगी पूर्ण व्हीगन असेल तर गोळीबद्दल किंवा बी-१२ घातलेल्या पदार्थांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

उरलेला स्ट्यू मुंबईच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. खोल पातेल्यात तो तासन्‌तास कोमट राहतो आणि तेव्हाच आंबतो; परातीत पसरून निववा आणि मग फ्रीजमध्ये. तीन दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरलेली असते. सकाळी तो वडी पाडण्याइतका घट्ट दिसेल. त्यात अर्धी वाटी गरम पाणी घाला, आधी नीट गरम करा आणि मगच मीठ-लिंबू पुन्हा बघा. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर बटाटा न घालता करा, कारण गोठून सुटलेला बटाटा रवाळ आणि पाणचट होतो. त्याच्या जागी तेवढंच रताळं घाला, आणि पालक व नारळाचं दूध गरम करताना ताजं.